भाषांतरात मी गाळलेलं नाव

"नाचणाऱ्या बायका मागच्या दाराने."

हॉलच्या दारावरच्या माणसाने हे माझ्याकडे न बघताच सांगितलं. त्याच्या हातात यादी होती, गळ्यात निळ्या नाडीचं ओळखपत्र. पालघरातला एसी हॉल. दाराच्या वर बॅनर लावलेला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आफ्रिकी वंशाच्या समाजाचं आरोग्य आणि नेतृत्व. खाली एका बाईचा फोटो. हसणारी, कुरळ्या केसांची, काळी बाई. ती बाई मी. माझ्याच फोटोखाली उभी राहून मी आत सोडा म्हणून सांगत होते.

"मी नाचायला नाही आले. मी बोलायला आले."

त्याने यादीवरून बोट फिरवलं. पाहुणे, वक्ते, समिती. माझं नाव नव्हतं. मग त्याने पान उलटलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हे काय, आहे ना! सांस्कृतिक कार्यक्रम. धमाल नृत्य. दुपारी एक वाजता, जेवणाच्या आधी."

मी चार ओळी पाठ करून आले होते. बहिणीची मोरपंखी साडी नेसले होते. कंपनीत खाडा केला होता. त्याने मला हाताने बाजू दाखवली, तशी मी बाजूने गेले. मागच्या दारातून, पुलावाच्या पातेल्यांमधून, साडी सावरत. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मूग गिळून बसायची सवय मला आधीपासूनची, आणि त्या दिवशी जे घडलं ते त्या सवयीमुळेच घडलं.

आम्ही सिद्दी. कित्येक पिढ्यांपूर्वी आमच्या माणसांना आफ्रिकेतून आणलं. कोणी जहाजावर, कोणी नवाबाच्या पदरी. माझा बाप जुनागडकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आला. बेटेगावच्या वाटेवर चाळीत आमची दहा-बारा घरं आहेत. मी बोईसरला जन्मले, झेडपीच्या मराठी शाळेत शिकले, बारावी झाले. आता औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तरी बाजारात भाजीवाला मला इंग्रजीत भाव सांगतो. मी मराठीत घासाघीस केली की आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवतात.

आणि मग आमच्याकडे मॅडम आली.

आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला तू म्हणायची आणि मी तिला तुम्ही. लिहिताना मी तिला ती म्हणते आहे. एवढं तरी मला घेऊ दे.

ती पुण्याची. कसल्याशा मोठ्या संस्थेच्या प्रकल्पावर होती. सिद्दी बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांची दुखणी विचारायची, समाजात कोणाचं ऐकलं जातं ते विचारायचं. आमच्या बायका घरात काठियावाडी बोलतात, ती तिला येत नव्हती. म्हणून मी. पदाचं नाव 'स्थानिक सहायक'. काम काय, तर दारं उघडून देणं, बायकांना गप्प बसू न देणं आणि त्यांचं बोलणं मराठीत करून मॅडमच्या कानात घालणं.

हेवा कशाकशाचा सांगू? तिच्या शांत बसण्याचा. प्रश्न विचारून ती नुसती बघत राहायची आणि बाई बोलायची. मी गप्प बसले तर लोक म्हणतात हिला काही कळत नाही. ती गप्प बसली की म्हणायचे, किती समजूतदार पोरगी. फातमाखाला आमच्या चाळीतली सगळ्यांत म्हातारी. मला कधी तिने धड चहा विचारला नाही, मॅडमला मात्र कपाटातली बशी काढून दिली. डोक्यावर हात ठेवून कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. त्या दिवशी संध्याकाळी माझी मुलगी आरशासमोर उभी राहून ओढणी मॅडमसारखी एका खांद्यावर घेऊन बघत होती. "मी मोठी होऊन मॅडमसारखी मुलाखत घेणार," म्हणाली. तिची आई रोज त्याच मुलाखतीत बसत होती. ती तिला दिसली नाही. अंगाची लाही लाही झाली माझी. पोरीवर उगाच ओरडले.

आणि वाईट म्हणजे मॅडम चांगली होती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, मन मोकळं करून शिव्या घातल्या असत्या. ती चप्पल बाहेर काढायची, भाकरी मागून खायची. एकदा शिरगावच्या किनाऱ्यावर फिरून आली तेव्हा आमच्यासाठी बोंबील घेऊन आली. असल्या माणसाचा हेवा करणं म्हणजे स्वतःच्याच तोंडात मारून घेणं.

या प्रकल्पातून आमच्या समाजात एक आरोग्य समन्वयक नेमला जाणार होता. सिकलसेल या रक्ताच्या पिढीजात आजाराच्या तपासण्या, औषधं, दवाखान्यातलं येणं-जाणं, सगळं त्याच्या हातून होणार. नेमायचा कोणाला, तर समाज ज्याला मानतो त्याला. आणि समाज कोणाला मानतो ते अहवालातून कळणार. मला ती जागा हवी होती. लाज न ठेवता सांगते, हवी होती, कारण ते काम मी आधीच करत होते.

गेल्या वर्षी शेजारची रुखसाना रडत माझ्या दारात आली. बावीस वर्षांची पोरगी. हातापायांचे सांधे असे दुखत होते की पदर धरवत नव्हता. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतला बाबू म्हणाला, "कुठला देश? पासपोर्ट दाखवा." मी आधारकार्ड दाखवलं तर त्याने ते दोनदा उलटून बघितलं. आतले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लोक काटक असता. हिला काय होतंय?" आणि दुखण्याची गोळी देऊन घरी पाठवलं. असं तीनदा झालं.

मग मी लखमीताईला विचारलं. ती डोंगराकडच्या पाड्यावरची वारली बाई, आशा कार्यकर्तीचं काम करते. कंपनीच्या शिबिरात आमची ओळख झाली होती. ती म्हणाली, "आमच्या पाड्यावं पन हाय ह्यो आजार. रगत तपासाया लाव. नाय म्हनले तर तितंच बस, उठू नको." मी तिथेच बसले. दुपारपर्यंत बाकावरून हलले नाही, तेव्हा रक्त घेतलं. सिकलसेल निघाला. त्यानंतर मी घरोघर गेले. ज्यांची हाडं दुखतात, ज्यांच्या पोरांचे डोळे पिवळे होतात, त्या सगळ्यांना दवाखान्यात नेलं. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी थँक्यू म्हणालं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती. मॅडम येईपर्यंत.

मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असायचा. "अडचणीला तुम्ही कोणाकडे जाता? तुमच्या समाजाचं नेतृत्व कोण करतं?"

पहिल्याच मुलाखतीत हा प्रश्न मी काठियावाडीत विचारला. त्या बाईने हनुवटीने माझ्याकडे खूण केली आणि म्हणाली, "अमारी तो आ ज छे." आमची तर हीच.

मॅडम रेकॉर्डिंगचं यंत्र समोर ठेवून वहीत लिहीत होती. तिने वर बघितलं. "काय म्हणाल्या?"

आणि मी म्हटलं, "म्हणतात, आम्ही सगळे मिळून करतो."

का म्हणाले असं? आमच्या घरात आमच्या संत माई मिश्राच्या नावाने खिचडी होते. फक्त बायकांची. एकाच थाळीत सगळ्यांनी खायचं. त्या खिचडीला जी बाई राबते तिने आपण केली असं म्हणायचं नाही, हा माझ्या आजीने लावलेला नेम. कोणी विचारलं, कोणी केली, तर म्हणायचं, माईने. मी आठ वर्षांची असताना एकदा "मी केली" म्हणाले, तर आजीने थाळीवरून उठवलं होतं. तेव्हापासून आपल्या कामावर आपलं नाव घालताना माझी जीभ टाळ्याला चिकटते.

हे एक कारण झालं. दुसरं कारण इतकं देखणं नाही. मॅडमने स्वतःहून ओळखावं असं मला वाटत होतं. रोज ती माझ्यामागून चालत होती. कोणाच्या घरी गेलं की बाई आधी मला दवाखान्याचा कागद दाखवायची. हे तिच्या डोळ्यांना दिसू नये? मी सांगायचं, तिने मान डोलवायची आणि वहीत टिपायचं, हे मला नको होतं. तिने एकदा तरी माझ्याकडे तसं बघावं जसं सगळे तिच्याकडे बघत होते. एवढ्यासाठी मी एकामागून एका बाईचं बोलणं गिळलं. अठरा मुलाखती झाल्या. नऊ जणींनी माझं नाव घेतलं, आणि नऊ वेळा मी म्हटलं, "सगळे मिळून करतात." बाकीच्यांनी मामूंचं नाव घेतलं. मामू आमचे वडीलधारे. धमाल म्हणजे आमचा सिद्दींचा नाच, त्या टोळीत ढोल वाजवतात. लग्न, उरूस, सरकारी कार्यक्रम, कुठेही बोलावलं की जातात. भला माणूस. पण दवाखान्याची पायरी त्यांनी स्वतःच्या दुखण्यालाही चढलेली नाही.

तर त्या दिवशी मी पुलावाच्या पातेल्यांमधून हॉलमध्ये शिरले आणि शेवटच्या रांगेत बसले. शेजारी लखमीताई होती. तिलाही बोलावलं होतं.

"तुमाला पन नाचाया बोलावला?" ती हळूच म्हणाली. "आमाला तर जिता तिता तारपा वाजवाया उबं करतात."

पुढे मॅडम बोलायला उभी राहिली. पांढरा कुर्ता, हातात छोटं यंत्र, बटण दाबलं की पडद्यावर चित्र बदलायचं. काय बोलली! मी ऐकतच राहिले. आमची चाळ, आमची दुखणी, केसपेपरची खिडकी, पासपोर्ट, तुम्ही लोक काटक असता. सगळं मीच तिला सांगितलेलं. पण तिच्या तोंडून ते ऐकताना पुढच्या रांगेतल्या बाईने डोळे पुसले. मी तेच बोलत होते तेव्हा खिडकीतला बाबू पुढच्या माणसाला हाक मारत होता. माझं दुखणं तिच्या तोंडात शोभत होतं. हेव्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लखमीताईला वाटलं मी भारावले. तिने माझा हात दाबला.

मग मॅडमने बटण दाबलं.

"अठरा मुलाखतींत एकाही स्त्रीने नेतृत्व म्हणून दुसऱ्या स्त्रीचं नाव घेतलं नाही. या समाजात स्त्री-नेतृत्वाचा अभाव ठळकपणे दिसतो." आणि समन्वयक म्हणून शिफारस मामूंची. मामूंना पुढे बोलावलं, शाल आणि नारळ दिला. मामू बावरून इकडेतिकडे बघत होते. त्यांना समन्वयक म्हणजे काय तेही कोणी सांगितलेलं नव्हतं.

अभाव. मी तिथे शेवटच्या रांगेत बसले होते. मोरपंखी साडीतला अभाव.

मी उभी राहिले.

"मॅडम, नाव घेतलं होतं. नऊ जणींनी. माझं घेतलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

सगळी डोकी मागे वळली. पुढून कोणीतरी पुरुष म्हणाला, "मग आता कसं आठवलं?" आणि हॉल हसला. मोकळेपणाने, जेवणाआधीचं हसू. आजवर मला काळी म्हणून हसले, केसांवरून हसले. पण मी स्वतःचं नाव घेतलं म्हणून हसले ते पहिल्यांदाच. ते जास्त लागलं.

मॅडम हसली नाही. तिने आवाज मऊ केला. "तू दमली आहेस. आपण नंतर बोलू या का?"

"रेकॉर्डिंग लावा."

"लिखित मुलाखती आहेत माझ्याकडे. त्यात असं काही नाहीये."

त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. त्या टाईप केलेल्या मुलाखती मीच तिला तपासून दिल्या होत्या. माझं मराठी त्यात शब्दाला शब्द उतरवलेलं. आणि बाईचं स्वतःचं बोलणं जिथे जिथे आहे तिथे कंसात फक्त तीन शब्द, 'स्थानिक भाषेत बोलणं'. प्रत्येक पानावर. तेव्हाही मी ते वाचून पुढे गेले होते.

लखमीताई बसल्या जागेवरून ओरडली, "मंग लाव ना! आयकू दे आमाला बी."

सूत्रसंचालकाने घाईने माईक घेतला. आता आपण धमाल नृत्याचा आनंद घेऊ या, म्हणाला. मामू माझ्याजवळ आले. "चल बेटी, नाच के निकल जाते हैं. खाना ठंडा होगा." त्यांनी ढोल गळ्यात अडकवला आणि थाप मारली. आमच्या बायका बाजूला मोरपिसं लावून तयार उभ्या होत्या. माझे पाय त्या ठेक्यावर लहानपणापासून आपोआप उचलतात. तो नाच आमच्या पिराचा आहे, माझ्या रक्तातला आहे, मला तो प्राणापेक्षा प्रिय आहे. म्हणूनच मी नाचले नाही. खुर्चीवर बसून राहिले. तिकडे फातमाखालाने माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची पिसं काढली आणि स्टेजच्या कडेला बसकण मारली. मग बाकीच्याही बसल्या. मामूंनी आणखी दोन थापा मारल्या आणि तेही थांबले.

जेवून मात्र आम्ही आलो. जेवण का सोडायचं?

हात धुण्याच्या जागी मॅडमने मला गाठलं. तिचे डोळे लाल होते. "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "तुमच्यावर जळत होते म्हणून."

ती म्हणाली, आता काही बदलता येणार नाही, अहवाल सोमवारी जमा होणार. तेव्हा मला संमतीपत्र आठवलं. मुलाखतीआधी सही घ्यायचा कागद. त्यात एक ओळ आहे की बाईला वाटेल तेव्हा ती आपलं बोलणं परत घेऊ शकते. मीच तिला ती म्हणून दाखवली. "बायका बोलणं परत घेतील," म्हटलं.

मॅडमचा चेहरा उतरला. "तसं केलंत तर सगळं थांबेल. तपासण्याही. जरा रुखसानाचा विचार कर."

तिने हे धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच तसं होणार होतं. परतताना मला तेच टोचत होतं. माझ्या एका नावासाठी पोरींची औषधं अडवायची? जळकी बाई ती जळकी बाईच, असं स्वतःला म्हणत होते.

घरी गेले ती आधी रुखसानाकडे. बायका जमल्याच होत्या. मी सगळं सांगितलं. काय गाळलं तेही सांगितलं. वाटलं, कोणीतरी म्हणेल, जाऊ दे, तू किती साधी.

रुखसाना खाटेवर होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं. ती म्हणाली, "मैंने बोला था तेरा नाम. मेरी आवाज में है. तूने किससे पूछ के निकाला?"

ती खाटेवर उठून बसली.

"बोलना मेरा था ना? तेरे बाप का था क्या?"

आजवर मला खिडकीतल्या बाबूने हाकललं, डॉक्टरने हाकललं, दारावरच्या माणसाने मागच्या दाराने पाठवलं. त्या सगळ्यांची मी मनात नोंद ठेवली होती. पण या नऊ बायकांचं बोलणं कंसात घातलं ते मी. त्यांनी त्यांच्यातली एक निवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारलं होतं की तुम्ही कोणाला मानता, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. मी नम्रता म्हणून ते पुसलं. ती नम्रता नव्हती. माझा हेवा माझ्या बायकांपेक्षा मोठा झाला होता.

मी माफी मागितली. रुखसाना म्हणाली, "माफी रहने दे. सोमवार को गाड़ी कितने बजे की है?"

उद्या सोमवार. अहवाल जायच्या आधी आम्ही मॅडमच्या ऑफिसात जाणार आहोत. नऊ जणी, शिवाय फातमाखाला, आणि रुखसानाला धरून न्यायला तिचा नवरा. मामूही येतो म्हणाले. काल रात्रीच मॅडमला फोन करून सांगितलं. एका खोलीत बसायचं, सगळी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावायची, आणि कंसातलं सगळं भरायचं. ते भरल्याशिवाय अहवाल गेला तर सगळ्या मुलाखती परत घेणार. तपासण्या थांबल्या तर मी पुन्हा बाकावर जाऊन बसेन. मला बसता येतं.

ती जागा मला मिळेल की नाही, ठाऊक नाही. मॅडमचा हेवा अजून वाटतो. त्या पांढऱ्या कुर्त्याचा, तिच्या बोलण्याने पुसल्या जाणाऱ्या डोळ्यांचा. तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तिच्याकडे जे आहे ते मला हवं आहे, आणि हे मी आता कोणाच्या पाठीमागे उभी राहून म्हणणार नाही.

उद्या यंत्र सुरू होईल. ती बाई म्हणेल, अमारी तो आ ज छे. मी तिथे थांबवायला सांगेन आणि मॅडमच्या डोळ्यांत बघून मराठीत सांगेन, ही बाई म्हणते, आमची पुढारी हीच. ही म्हणजे मी.

लिहा.